तान्ह्या बाळाच्या अंगातलं पाणी कमी होतंय का? ओळखायचं कसं, करायचं काय

"बाळ फार गुणी आहे हो सिस्टर, अजिबात त्रास देत नाही. काल रात्री तर सलग सहा तास झोपलं." चौथ्या दिवशी तपासणीला आलेली आई कौतुकानं सांगत असते आणि मी बाळाचं दुपटं सोडवून त्याला वजनकाट्यावर ठेवत असते. बाळंतिणींच्या वॉर्डात इतकी वर्षं काढल्यावर रडणाऱ्या बाळाची मला तेवढी धास्ती वाटत नाही. गुणी बाळाची वाटते. भुकेलं बाळ आधी रडतं. पोटात काहीच जात नसलं की रडायचं त्राण संपतं, मग ते झोपतं. झोपतं म्हणून पीत नाही, पीत नाही म्हणून आणखी मलूल होतं. हे चक्र एकदा सुरू झालं की एका दिवसात बाळ घरातून थेट नवजात अतिदक्षता विभागात पोचू शकतं.

हा लेख पहिल्यांदाच आई-बाबा झालेल्यांसाठी आणि जन्मापासून २८ दिवसांपर्यंतच्या बाळापुरता आहे. मोठ्या मुलाला जुलाब-उलट्या झाल्यावर आपण जे करतो, त्यातलं बरंचसं इथे चालत नाही आणि काही गोष्टी तर घात करतात. घरी करायचे उपाय मी सांगणार आहे, पण ते सौम्य त्रासासाठी आणि डॉक्टरांशी बोलून झाल्यावर. बाळ मलूल असेल तर हे वाचत बसू नका, निघा.

इतक्या लवकर का सुकतं?

नवजात बाळाच्या वजनाचा सुमारे पाऊण हिस्सा पाणीच असतो. वजनाच्या मानानं कातडीचा पसारा मोठा, त्यामुळे त्वचेतून आणि श्वासातून पाणी सतत उडत राहतं. मूत्रपिंडं अजून कच्ची असतात. पाणी कमी पडलं की मोठ्या माणसाची लघवी घट्ट आणि पिवळीजर्द होते, म्हणजे शरीर पाणी राखून ठेवतं. बाळाला हे जेमतेम निम्म्यानं जमतं. आणि तहान लागली हे त्याला सांगता येत नाही.

पहिल्या आठवड्यात पाणी कमी होण्याचं सगळ्यात मोठं कारण जुलाब किंवा ऊन नसतं. दूध पुरेसं पोटात जात नाही, हे असतं. कधी बाळाची पकड चुकलेली असते, कधी ते झोपाळू असतं, कधी आईला दूध उतरायला उशीर झालेला असतो. बहुतेक आयांना दुसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या दरम्यान भरपूर दूध यायला लागतं. पहिलं बाळंतपण, सिझेरियन, मधुमेह, जास्त वजन, प्रसूतीत खूप रक्तस्राव, वारेचा तुकडा आत राहणं, यांपैकी काही असेल तर हे लांबू शकतं. वेळेआधी, म्हणजे ३७ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळांकडे दुप्पट लक्ष हवं. ३४ ते ३६ आठवड्यांची बाळं दिसायला पूर्ण दिवसांच्या बाळासारखीच दिसतात, पण दोन मिनिटं चोखून थकतात आणि डोळे मिटून घेतात. तीच फसवतात.

पहिली पायरी: एक वही करा

ॲप वापरा, वही वापरा, फ्रिजवर कागद चिकटवा. तीनच रकाने पुरे: किती वाजता प्यायलं, लघवी, शी. रात्री तीन वाजता कोणालाच काही आठवत नाही आणि "मघाशीच बदललं की डायपर" मधलं मघाशी कधी कधी आठ तासांपूर्वीचं निघतं.

लघवीचा हिशेब साधा आहे. पहिल्या २४ तासांत निदान एकदा, दुसऱ्या दिवशी दोनदा, तिसऱ्या दिवशी तीनदा, चौथ्या दिवशी चार वेळा. पाचव्या-सहाव्या दिवसापासून २४ तासांत सहा किंवा त्याहून जास्त डायपर चांगले जड झालेले हवेत, आणि लघवी फिकट हवी.

"जड" म्हणजे किती, हे नव्या आई-बाबांना कळत नाही. हल्लीचे डायपर सगळं शोषून वरून कोरडेच लागतात. म्हणून एक कोरा डायपर घ्या, त्यात तीन मोठे चमचे, म्हणजे साधारण ४५ मिलिलीटर पाणी ओता आणि हातात धरून बघा. शेजारी दुसरा कोरा डायपर धरा. हातांना फरक एकदा कळला की मग रात्री दिवा न लावताही समजतं. घरात स्वयंपाकाचा डिजिटल काटा असेल तर काम आणखी सोपं. कोऱ्या डायपरचं वजन लिहून ठेवा, ओल्याचं करा. जितके ग्रॅम वाढले, जवळपास तितके मिलिलीटर लघवी. कापडी लंगोट वापरत असाल तर ओलं झालेलं लगेच दिसतं, पण थेंबभर झाली तरी तो बदलला जातो, म्हणून नुसते लंगोट मोजू नका, किती भिजला तेही लिहा.

शीचा रंगही बोलका असतो. पहिले एक-दोन दिवस काळी, डांबरासारखी चिकट. तिसऱ्या-चौथ्या दिवशी हिरवट-तपकिरी. पाचव्या दिवसापर्यंत मोहरीच्या रंगाची पिवळी, पातळसर, दाणेदार. पाचव्या दिवशीही काळीच शी असेल तर दूध कमी जातंय असं समजून त्याच दिवशी तपासणी करून घ्या.

डायपरवर कधी कधी विटेच्या भुकटीसारखा केशरी-गुलाबी डाग दिसतो. रक्त समजून घाबरलेले बाबा डायपर पिशवीत घालून वॉर्डात धावत येतात. (आणलेला बरा, आम्हाला बघता येतो.) ते घट्ट लघवीतले युरेट नावाच्या क्षाराचे कण असतात. पहिल्या दोन-तीन दिवसांत दिसले तर बहुधा काळजीचं नसतं. चौथ्या दिवसानंतर दिसले तर पाणी कमी पडतंय असा निरोप आहे.

दुसरी पायरी: वजनाचं गणित

जन्मानंतर जवळजवळ प्रत्येक बाळाचं वजन थोडं उतरतं, त्याला घाबरायचं नाही. किती उतरलं हे बघायचं. जन्मवजनातून आजचं वजन वजा करा, उत्तराला जन्मवजनानं भागा, शंभरनं गुणा. बाळ ३००० ग्रॅमचं होतं, चौथ्या दिवशी २७३० भरलं. घट २७० ग्रॅम, म्हणजे ९ टक्के.

५ ते ७ टक्के घट नेहमीची. ७ च्या पुढे गेलं की कोणीतरी जाणत्या माणसानं समोर बसून पूर्ण स्तनपान बघायला हवं. १० टक्के किंवा जास्त असेल तर बाळ वरून कितीही छान दिसो, त्याच दिवशी डॉक्टरांनी तपासायला हवं, आणि बहुधा रक्तातलं सोडियमही (मिठातला क्षार) मोजायला हवं. चौथ्या-पाचव्या दिवसानंतर वजन उतरायचं थांबतं, मग रोज २० ते ३० ग्रॅम वाढतं, आणि १० ते १४ दिवसांत बाळ जन्माच्या वजनावर परत येतं.

वजन उघड्या बाळाचं करा आणि शक्यतो त्याच काट्यावर. आईनं बाळाला घेऊन मोठ्या काट्यावर उभं राहायचं आणि मग स्वतःचं वजन वजा करायचं, ही युक्ती इथे कुचकामी आहे. आपल्याला १०० ग्रॅमचा फरक शोधायचा असतो आणि तेवढी चूक त्या काट्याचीच असते. सिझेरियनच्या वेळी आईला भरपूर सलाईन गेलं असेल तर बाळ जन्मतःच थोडं पाणी धरून येतं आणि पहिल्या दिवशीची घट मोठी दिसू शकते. डॉक्टर हे धरून हिशेब करतात. तुम्ही मात्र स्वतःच्या मनानं सूट देऊ नका.

तिसरी पायरी: बाळाकडे बघा, पण फसू नका

स्वच्छ धुतलेलं बोट बाळाच्या तोंडात, गालाच्या आतल्या बाजूला फिरवा. ओलसर, गुळगुळीत लागायला हवं. चिकट किंवा कोरडं लागलं तर ती खूण आहे. बोट आत गेल्यावर बाळ जोरानं चोखतं का, तेही कळतं. चोखायची ओढच नसेल तर ती कोरड्या तोंडापेक्षा वाईट खूण.

टाळू, म्हणजे डोक्यावरचा मऊ भाग, बघताना बाळ शांत हवं आणि उभं धरलेलं हवं. टाळू किंचित खोलगट असणं आणि ती धडधडताना दिसणं दोन्ही नेहमीचं. वाटीसारखा खड्डा पडलेला असेल तर पाणी बरंच गेलेलं आहे. डोळे खोल गेलेले दिसणं, हातपाय गार पडणं, कातडी ठिपक्याठिपक्यांची किंवा राखाडी दिसणं, या सगळ्या उशिराच्या खुणा. छातीच्या मधल्या हाडावर बोट पाच सेकंद दाबून सोडा. पांढरा पडलेला ठसा तीन सेकंदांत गुलाबी व्हायला हवा. जास्त वेळ लागला तर रक्ताभिसरण मंदावलंय.

आता फसवणाऱ्या खुणा. "रडताना अश्रू येत नाहीत" ही पाणी कमी झाल्याची खूण सगळीकडे लिहिलेली असते. नवजात बाळाला पहिले काही आठवडे अश्रू येतच नाहीत. तेव्हा ही खूण सोडून द्या. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडायची तपासणीही या वयात दगा देते. दूध कमी पडल्यानं जे डिहायड्रेशन होतं त्यात रक्तातलं सोडियम वाढतं, पेशींमधलं पाणी ओढून बाहेर येतं, आणि कातडी लगेच जागेवर जाते. हाताला मात्र ती मळलेल्या कणकेसारखी लागते. म्हणूनच ही बाळं बघताना बरी वाटतात आणि काट्यावर १२-१३ टक्के उतरलेली निघतात. चेहऱ्यापेक्षा वहीवर आणि काट्यावर विश्वास ठेवा.

अंग पिवळं दिसत असेल तर तेही याच साखळीतलं असू शकतं. दूध कमी गेलं की शी कमी होते, आणि शीवाटे जाणारं बिलिरुबिन, म्हणजे काविळीचं पिवळं द्रव्य, अंगातच राहतं. कावीळ वाढली की बाळ आणखी झोपाळू होतं. झोपाळू झालं की आणखी कमी पितं.

थांबायचं नाही, निघायचं

पुढच्यापैकी एकही गोष्ट दिसली तर घरचे उपाय बाजूला ठेवा:

- बाळ उठवूनही उठत नाही, लुळं पडलंय, किंवा सलग दोन वेळा प्यायलंच नाही
- जन्मापासून २४ तासांत लघवी झालेली नाही; किंवा दूध सुरळीत सुरू झाल्यानंतर ८ तास डायपर कोरा आहे (६ तास झाले की डॉक्टरांना फोन)
- ताप ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त. किंवा ऊब देऊनही काखेतलं तापमान ३६.५ च्या खालीच राहतंय
- हिरवी किंवा रक्ताची उलटी, शीत रक्त, पोट फुगून घट्ट
- श्वास जोरात, कण्हत, छाती आत ओढून, ओठ निळसर
- झटके, हातपाय लयीत उडणं, डोळे एका जागी लागणं, किंवा कर्कश वेगळंच रडणं
- टाळू खोल गेलेली, हातपाय गार

तापाबद्दल एक गोष्ट. पाणी कमी झाल्यानंही पहिल्या आठवड्यात ताप येतो, हे खरं. पण तो ताप पाण्याचा की जंतुसंसर्गाचा, हे घरी बसून सांगता येत नाही आणि दवाखान्यातही नुसतं बघून सांगता येत नाही. तापाचं औषध देऊन वाट बघायची नाही.

जाताना बाळ जागं असेल आणि गिळत असेल तर पाजत राहा. लुळं असेल तर तोंडात काहीही घालू नका, दूध श्वासनलिकेत जाईल. वही, जन्माच्या वेळचे कागद आणि शेवटचा डायपर बरोबर घ्या. पोचल्यावर पहिल्या मिनिटात सांगायच्या गोष्टी: किती आठवड्यांचं जन्मलं, जन्मवजन, शेवटची लघवी कधी, शेवटचं दूध कधी आणि किती.

चौथी पायरी: घरी काय करायचं

समजा लघवी थोडी कमी आहे, वजन ७-८ टक्के उतरलंय, पण बाळ जागं होतं, जोरानं चोखतं, ताप नाही. डॉक्टरांशी बोलणं झालंय आणि त्यांनी घरीच बघा असं सांगितलंय. अशा वेळी औषध एकच, दूध. वेळापत्रक: दर दोन ते तीन तासांनी, २४ तासांत ८ ते १२ वेळा, रात्री गजर लावून. बाळ मागेल तेव्हा द्यायचं हे छान तत्त्व आहे, पण मागायला ताकद असलेल्या बाळासाठी.

झोपलेलं असेल तर आधी उठवा. कपडे काढा, डायपर बदला, आईच्या उघड्या छातीवर उभं ठेवा आणि पाठीवर दुपटं टाका. पाठीच्या कण्यावरून बोटं वरखाली फिरवा, तळवे चोळा. कपड्यांत गुंडाळलेलं गरम गरम बाळ स्तनाला लावलं की दोन मिनिटांत झोपतं.

मग पकड. बाळाचं पोट आईच्या पोटाला चिकटलेलं, मान एका रेषेत, नाक बोंडासमोर. बोंड वरच्या ओठाला लावा आणि थांबा. जांभई दिल्यासारखं मोठं तोंड उघडलं की बाळाला स्तनाकडे आणा. आई वाकून स्तन बाळाकडे नेते तेव्हा पकड निम्मी राहते आणि आईची पाठ पूर्ण जाते. बरोबर लागलं असेल तर हनुवटी स्तनाला टेकलेली असते, खालचा ओठ बाहेर वळलेला असतो, आणि बोंडाभोवतीचा काळा भाग ओठाच्या खाली कमी, वर जास्त दिसतो. पहिल्या काही सेकंदांनंतरही दुखतच राहिलं तर करंगळी तोंडाच्या कोपऱ्यातून आत घालून सोडवा आणि पुन्हा लावा. पाचदा सोडवावं लागलं तरी चालेल.

किती मिनिटं प्यायलं हे मोजण्यात अर्थ नाही. चाळीस मिनिटं नुसतं चघळत बसणारी बाळं मी रोज बघते. कान द्या. सुरुवातीला भराभर चोखणं, मग जबडा सावकाश खोल खाली जातो, क्षणभर थांबतो, आणि "क्ह" असा हलका आवाज येतो. तो घोट. पहिल्या दिवसांत पाच-सहा वेळा चोखल्यावर एक घोट येतो. दूध उतरल्यावर एक-दोन चोखण्यांमागे एक. घोट थांबले आणि बाळ नुसतं लटकून राहिलं की आईनं स्तन हातात धरून दाबून ठेवायचा. घोट पुन्हा सुरू होतात. थांबले की सोडायचा, मग पुन्हा दाबायचा. त्यानंही काही होईना तर दुसरी बाजू.

पाजून झालं की उरलेलं दूध हातानं काढा, आणि तेच या सगळ्यातलं खरं औषध. हात धुवा. अंगठा वर आणि दोन बोटं खाली, बोंडापासून दोन-तीन सेंटिमीटर मागे. आधी छातीकडे मागे दाबा, मग बोटं एकमेकांकडे आणा, सोडा. बोटं कातडीवर घसरता कामा नयेत. पहिल्या एक-दोन मिनिटांत काहीच येत नाही आणि आया निराश होऊन सोडून देतात. तसंच चालू ठेवा. चिकाचा, म्हणजे सुरुवातीच्या घट्ट दुधाचा, पहिला पिवळा थेंब येतो, मग दुसरा. तो थेंब सरळ चमच्यात धरा. बाटलीत धरलात तर निम्मा काचेलाच चिकटून राहील. दूध उतरल्यावर पंप वापरला तरी चालतो, पण चीक हातानंच जास्त निघतो.

हे काढलेलं दूध चमच्यानं किंवा छोट्या वाटीनं द्या. बाळ पूर्ण जागं आणि जवळजवळ बसतं धरलेलं हवं. वाटीची कड खालच्या ओठावर टेकवा आणि दूध ओठाला लागेल इतकीच तिरकी करा. ते स्वतः जीभ काढून चाटेल. तोंडात ओतायचं नाही.

वरचं दूध एका वेळी किती लागतं? पहिल्या दिवशी २ ते १० मिलिलीटर, दुसऱ्या दिवशी ५ ते १५, तिसऱ्या दिवशी १५ ते ३०, चौथ्या दिवशी ३० ते ६०. म्हणजे पहिल्या दिवशी एक चहाचा चमचा दूध ही चेष्टा नाही, ते जेवण आहे.

आईचं काढलेलं दूध पुरत नसेल तर मिल्क बँकेतलं, म्हणजे इतर आयांनी दान केलेलं दूध, आणि तेही मिळत नसेल तर डॉक्टरांच्या सल्ल्यानं पावडरचं. इथे मला थोडं स्पष्ट बोलायचं आहे. स्तनपानाचा आग्रह मी रोज धरते. पण आग्रह बाळापेक्षा मोठा होऊ द्यायचा नसतो. चार दिवस थोडं वरचं दूध घेऊन ताकद आलेलं बाळ स्तनाला नीट लागतं. सुकलेलं बाळ लागतच नाही. वरचं दूध सुरू असताना आईनं मात्र दर तीन तासांनी दूध काढत राहायचं, नाहीतर शरीराला वाटतं मागणीच नाही.

पुढच्या सहा तासांत एक जड डायपर यायला हवा. आला नाही, किंवा बाळ आधीपेक्षा कमी पितंय, तर घरचा प्रयोग संपला. आला तर २४ तासांच्या आत वजन पुन्हा करून घ्या.

पाणी का नाही?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. अंगात पाणी कमी आहे तर पाणीच का देत नाही? कारण बाळाला नुसतं पाणी कमी पडलेलं नसतं, जेवण कमी पडलेलं असतं. दुधात सुमारे ८७ टक्के पाणीच आहे, आणि उरलेल्यात साखर, स्निग्धांश, क्षार. चिमुकलं पोट पाण्यानं भरलं की दुधाला जागा राहत नाही. वर, कच्च्या मूत्रपिंडांना जादा पाणी झपाट्यानं बाहेर टाकता येत नाही, रक्तातलं सोडियम खाली घसरतं आणि झटके येऊ शकतात. उन्हाळ्यातही पहिल्या सहा महिन्यांत वेगळं पाणी लागत नाही, दूध जास्त वेळा द्यायचं. साखरपाणी, ग्राइप वॉटर, फळांचा रस, गाईचं दूध, यातलं काहीच नाही. मध तर वर्षभर नाही, त्यातल्या जिवाणूंमुळे बोट्युलिझम नावाचा स्नायू लुळे पाडणारा आजार होऊ शकतो. ओआरएस मोठ्या मुलांना जीवदान देतं, पण नवजात बाळाला ते फक्त डॉक्टरांनी सांगितलं तर, सांगितलं तितकंच.

पावडरचं दूध पीत असलेल्या बाळाच्या घरी मी एकच चौकशी करते: चमचा कसा भरता? आधी मोजून पाणी, मग पावडर, डब्यातलाच चमचा, सपाट केलेला. "जरा घट्ट केलं की वजन वाढेल" म्हणून एक चमचा जास्त टाकला की सोडियम वाढतं आणि बाळ आतून सुकतं. डबा पुरवायचा म्हणून पातळ केलं की सोडियम उतरतं. पाणी उकळून, ७० अंशांच्या खाली उतरण्याआधी पावडर घालायची, मग निववायचं. बनवलेलं दूध दोन तासांत संपलं नाही तर फेकायचं.

जुलाब आणि उलट्या

अंगावर पिणाऱ्या बाळाची शी मुळातच पातळ असते आणि दिवसातून आठ-दहा वेळाही होते, ते जुलाब नव्हेत. नेहमीपेक्षा एकदम पाण्यासारखी, जास्त वेळा, वास बदललेली, तर जुलाब समजा. या वयात जुलाब झाले तर घरी थांबून बघायचं नाही, डॉक्टरांना दाखवायचं. दूध मात्र चालू ठेवायचं. ढेकर देताना थोडं दूध ओठातून ओघळणं म्हणजे उलटी नव्हे. दर वेळी कारंज्यासारखी लांब उडणारी उलटी, विशेषतः दोन-तीन आठवड्यांच्या भुकेल्या बाळाला, हा जठराच्या तोंडाचा आजार असू शकतो आणि त्यात अंगातलं पाणी झपाट्यानं जातं.

दवाखान्यात काय होईल

वजन, तापमान, मग टाचेतून किंवा शिरेतून रक्त. रक्तातली साखर, सोडियम, बिलिरुबिन, मूत्रपिंडांची तपासणी, आणि शंका आली तर जंतुसंसर्गाच्या तपासण्या. थोडंच बिघडलं असेल तर मोजून दूध, चमच्यानं किंवा नाकातून पोटात घातलेल्या बारीक नळीनं. बाळ शॉकमध्ये असेल, म्हणजे गार, राखाडी, नाडी क्षीण, तर पहिला सलाईनचा डोस लगेच जातो, बहुधा किलोमागे १० मिलिलीटर.

त्यानंतर सगळं संथ होतं आणि आई-बाबांची घालमेल सुरू होते. बाळ सुकलंय म्हणता, मग थेंब थेंब काय सोडता? यामागे कारण आहे. सोडियम नेहमी १३५ ते १४५ असतं. दूध कमी पडलेल्या बाळात ते १५० च्या वर जातं, कधी कितीतरी वर. मेंदूच्या पेशींनी त्या खारटपणाशी जुळवून घेतलेलं असतं. रक्त एकदम पातळ केलं तर पाणी त्या पेशींत घुसतं, मेंदूला सूज येते आणि झटके येतात. म्हणून सोडियम दिवसाला साधारण १० ते १२ आकड्यांपेक्षा जास्त उतरू देत नाहीत, आणि उपचार ४८ तास किंवा त्याहून लांबतो. दर काही तासांनी रक्त घेतात तेही यासाठीच. सलाईनचं चाक स्वतःच्या हातानं कधीही फिरवू नका. मी हे उगाच लिहीत नाही, एका काळजीनं कासावीस झालेल्या आजोबांना मी ते करताना वेळेवर पकडलं आहे.

कावीळ असेल तर निळ्या दिव्याखाली ठेवतात. दिव्याखाली त्वचेतून पाणी जास्त उडतं, त्यामुळे पाजण्याच्या वेळा तिथे आणखी काटेकोर. बाळ आत असताना आईनं दूध काढत राहायचं, ते बाळाला जाईल. आणि आईनं स्वतः जेवायचं, पाणी प्यायचं, पाठ टेकायची.

घरी परतल्यावर

सुट्टीनंतर २४ ते ४८ तासांत वजन. मग वाढ सुरू होईपर्यंत डॉक्टर सांगतील तसं, बहुधा दर एक-दोन दिवसांनी. वरचं दूध सुरू केलं असेल तर ते एकदम बंद करायचं नाही. वजन वाढतंय, डायपर जड येताहेत, घोट ऐकू येताहेत, असं बघत एका वेळी थोडं कमी करायचं. वही तोवर चालू ठेवा. बाळ जन्मवजनावर पोचलं, तिथून पुढे चढू लागलं आणि डॉक्टरांनी हो म्हटलं, की रात्रीचा गजर बंद करायला हरकत नाही. तेव्हा सलग चार तास झोपलं तर खुशाल झोपू द्या.